अडतीस व्हायरस

१

"मावशी, झऱ्याची फाइल गेली!"

निशिगंधाचा आवाज इतका चिरकला होता की माधुरी सकपाळांनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. शनिवार होता, सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.

"गेली म्हणजे कुठे गेली?"

"व्हायरसनं खाल्ली! जितेशदादा म्हणतात, माझ्यामुळं गेली. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तुम्ही या ना इकडं."

माधुरीबाईंनी गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवून त्या बाहेर पडल्या. महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं ऑपरेटरचं काम केलं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण घरात स्वस्थ बसणं त्यांना अजून जमत नव्हतं. फोन वाजला की अंगात वीज शिरायची. निशिगंधा उतेकर त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि बाजारातल्या जितेश पार्टेच्या कंप्युटर सेंटरमध्ये टायपिंग करायची. दोन हजार चार साल होतं. गावात इंटरनेट असलेली दोनच दुकानं होती, त्यातलं हे एक.

झऱ्याची फाइल म्हणजे काय, हे माधुरीबाईंना चांगलं ठाऊक होतं. पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर खडपवाडी नावाची पंधरा घरांची वस्ती. गुरं राखायची आणि नाचणी पिकवायची. तिथल्या एकुलत्या एका झऱ्यावरून खालच्या एका हॉटेलाला पाइप न्यायचं घाटत होतं. झऱ्याला बारा महिने पाणी उतू जातं, असं हॉटेलवाल्याचं म्हणणं होतं. वाडीतल्या गोमाजी ढेबेनं मात्र चार वर्षं, दर आठवड्याला, एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडून ठेवलं होतं. निशिगंधा दोन दिवस वाडीवर राहून ते सगळं उतरवून आली होती आणि तिनं ते टाइप केलं होतं. सोमवारी अकरा वाजता पोलादपूरला तहसीलदारांपुढे सुनावणी होती.

माधुरीबाई दुकानात शिरल्या तेव्हा गोमाजी बाकड्यावर बसला होता. प्रिंट न्यायला तो पहाटे डोंगर उतरून आला होता.

"तुमची भिंत आहे ना अजून?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

गोमाजीनं मान हलवली. "दिवाळीला सारवली ना गो बाई. पोरगी बोलली, आता कंप्युटरात हाय, कायमचं हाय. मंग आम्ही सारवली."

निशिगंधानं ओढणी तोंडावर घेतली.

२

जितेश पार्टे काउंटरमागे उभा होता. वयानं तिशीतला, पण आज पन्नाशीचा दिसत होता.

"मी काय करणार, माधुरीमावशी? तीन नंबरच्या मशीनवर लाल खिडकी आली. इंग्लिशमध्ये लिहिलेलं, तुमच्या कंप्युटरमध्ये हेर शिरलाय, फाइली नष्ट होतायत. हिनं त्याच्यावर क्लिक केलं. मी धावत येऊन वायर उपटली. चालू करून बघतो तर सगळं साफ."

"मी फुली दाबली होती," निशिगंधा म्हणाली. "बंद व्हावं म्हणून. तर ती जास्तच मोठी झाली. भराभर नावं सरकायला लागली. सी तपासला, डी तपासला, ई तपासला, थर्टी एट व्हायरस सापडले."

"अडतीस?"

"हो. लाल अक्षरात."

माधुरीबाईंनी जितेशकडे पाहिलं. "हे सी, डी, ई काय असतं?"

"कंप्युटरच्या पोटातले कप्पे. पण ह्या मशीनला डी, ई नाहीतच. एकच सी आहे."

"मग जे नाहीच ते तपासलं कसं?"

जितेशनं तीन नंबरच्या मशीनकडे वळून पाहिलं. माधुरीबाई अस्वस्थपणे दुकानात फेऱ्या मारू लागल्या. घरात नसलेली खोली झाडून आलो म्हणणाऱ्या माणसावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नसता. कंप्युटरवर तरी का ठेवायचा?

त्यांनी मशीन चालू करायला लावलं. टाइप केलेली पत्रं, अर्ज, लग्नपत्रिका, सहा महिन्यांचं काम असलेला फोल्डर रिकामा होता. पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी होती. मग जितेशनं आणखी एक गोष्ट पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"इंटरनेटवर कोण काय बघून गेलं त्याची यादी असते. ती पण कोरी आहे. मी ती कधीच पुसत नाही."

"आज ह्या मशीनवर कोण कोण बसलं?"

गिऱ्हाइकांच्या वहीत तीन नावं होती. साडेनऊ ते दहा, प्रवीण मोरे. दहा ते दहा-चाळीस, मालोजी गुरुजी. अकरा वाजता निशिगंधा.

"प्रवीण मोरे म्हणजे बिरवाडीला राहतो तो?"

"तोच. कारखान्यात आहे." जितेशनं आवाज खाली आणला. "आणि ते हॉटेल त्याच्या सख्ख्या काकांचं आहे."

गोमाजी बाकड्यावरून उठून उभा राहिला.

तेवढ्यात मालोजी गुरुजी स्वतःच दुकानात आले. गुरुजी निवृत्त शिक्षक. खडपवाडीचा अर्ज त्यांनीच लिहिला होता आणि सुनावणीत बोलणारही तेच होते. भर दुपारी त्यांच्या गळ्याला मफलर होता. काय झालं ते त्यांनी उभ्यानंच ऐकून घेतलं, मग खुर्चीचा हात धरून खाली बसले.

"पण फ्लॉपीवर कॉपी आहे ना?" त्यांनी निशिगंधाला विचारलं. "मी तुला सांगितलं होतं."

"फ्लॉपी खराब निघाली, गुरुजी. नवीन आणणार होते."

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही बसला होतात तेव्हा फाइल होती?" माधुरीबाईंनी विचारलं.

"होती. अर्ज पुन्हा एकदा वाचला आणि गेलो. मला काही लाल वगैरे दिसलं नाही." आवाज घोगरा होता. त्यांनी पिशवीतून थर्मास काढून कोमट पाण्याचा घोट घेतला आणि निशिगंधाकडे न बघता म्हणाले, "रडू नको, पोरी. ही यंत्रंच घातकी. माणसानं काय वाचलं ते घरच्यांना दाखवीन म्हणून धमकावतात. तू तरी काय करणार?"

ते उठून गेले. निशिगंधा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. माधुरीबाईंच्या डोक्यात मात्र काहीतरी खटकलं, चपलेत खडा जावा तसं. काय खटकलं ते त्या क्षणी त्यांना सांगता आलं नसतं.

३

सव्वादोन वाजता त्या बिरवाडीला प्रवीण मोरेच्या दारात उभ्या होत्या. खोलीत तीन कॉट होत्या, दोघं कामगार झोपलेले. प्रवीण नुकता जेवून उठला होता आणि तीनच्या पाळीला निघायच्या तयारीत होता. फाइल गेल्याचं त्यानं उभ्यानंच ऐकलं.

"काकांनी पाठवलं म्हणून मी फाइल उडवली, असंच ना?" तो कडवटपणे म्हणाला. "गावात मला कुणी विचारायच्या आधी ठरवूनच टाकतात. काकांशी माझं वर्षभर बोलणं नाय."

"मी ठरवलेलं नाही. म्हणून तर आले. तुला ती लाल खिडकी दिसली?"

"दिसली की. मोबाइलसाठी गाण्यांच्या ट्यून शोधत होतो, त्या साइटवर आली. मी कीबोर्डवरनं बंद केली आणि उठलो. पण एकदा आली की त्या मशीनवर परत परत उगवते. ती खोटी असते, मावशी. कारखान्यात आमच्या कंप्युटर डिपार्टमेंटला रोज येतात. घाबरवायचं आणि त्यांचं औषध विकायचं, एवढाच धंदा."

"खोटी म्हणजे? काहीच तपासत नाही?"

"चित्र असतं नुसतं. चला, दाखवतो. दहा मिनिटं हायत माझ्याकडे."

नाक्यावर एसटीडी बूथच्या मागे एक कंप्युटर होता. प्रवीणनं तीच साइट उघडली. पडदा लाल झाला. नावं भराभर सरकली. सी, डी, ई. माधुरीबाई श्वास रोखून बघत होत्या. शेवटी आकडा आला.

अडतीस.

"हा कंप्युटर वेगळा, गाव वेगळं," त्या हळू म्हणाल्या. "आणि व्हायरस मोजून तेवढेच."

"मग? फुली पण चित्रातलीच. ती दाबली की जाळ्यात. बंद करायची तर कीबोर्डवरनं."

"थांब, बंद करू नकोस. खालचं 'हो' दाबलं तर काय होतं?"

प्रवीणनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दाबलं. दुसरी खिडकी उघडली, काळ्या रंगाची. माधुरीबाईंनी चष्मा सावरून इंग्लिश वाचलं. तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक पानाचा पुरावा या कंप्युटरमध्ये साठलेला आहे. तुमचे वरिष्ठ, तुमचे कुटुंबीय तो केव्हाही पाहू शकतात. ताबडतोब पुसा.

चपलेतला खडा आता बोचायला लागला. घरच्यांना दाखवीन म्हणून धमकावतात. निशिगंधानं ही दुसरी खिडकी पाहिलीच नव्हती, तिच्या आधी जितेशनं वायर उपटली होती. पहिल्या खिडकीत घरच्यांचा शब्दही नव्हता.

"प्रवीण, हे खोटं चित्र फाइल पुसू शकतं?"

"नाय. पुसली ती माणसानं." तो घड्याळ बघत उठला. "पण पुसलेली फाइल लगेच मरत नाय, मावशी. नुसतं तिचं नाव खोडलं जातं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं नाय तोवर परत काढता येते. डिपार्टमेंटमध्ये एक फ्लॉपी हाय त्यासाठी, उद्या आणतो. फक्त जितेशला सांगा, त्या मशीनला हात लावू नको. फॉरमॅट तर अजिबातच मारू नको, मग संपलं."

माधुरीबाई ताडकन उभ्या राहिल्या. निघताना जितेश म्हणाला होता, मेकॅनिकला बोलावलंय. तीन वाजता येऊन तो मशीन धुऊन काढेल.

अडीच वाजून गेले होते.

४

बूथवरून त्यांनी जितेशच्या दुकानाचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. दुकानात कुणीतरी इंटरनेटवर बसलं होतं, आणि कुणी बसलं की दुकानाचा फोन बंद. साऱ्या तालुक्याच्या लाइनी त्यांनी सव्वीस वर्षं जोडून दिल्या होत्या, आणि आज स्वतःचा एक फोन लागत नव्हता. हसावं की रडावं?

रिक्षात बसल्यावर मनात दुसराच किडा वळवळला. प्रवीणवर विश्वास ठेवून आपण चूक तर करत नाही ना? उद्या तो फ्लॉपी आणणार, आपण मशीन त्याच्या हातात देणार, आणि उरलंसुरलं तोच पुसून टाकणार? त्यांनी तो विचार सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. नाही. त्याला फाइल नकोच असती, तर त्याला काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसला असता तरी तीन वाजता सगळं धुऊन निघालं असतं.

रिक्षा हमरस्त्यावर ट्रकांच्या मागे रांगेत अडकली. माधुरीबाई अर्ध्या बाहेर झुकून पुढं बघत होत्या.

"मावशी, पडाल," रिक्षावाला म्हणाला.

"मी पडत नाही. तू चालव."

दुकानात त्या धापा टाकत शिरल्या तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मेकॅनिक तीन नंबरसमोर बसला होता. पडद्यावर फॉरमॅट करू का, असा प्रश्न होता आणि त्याचं बोट कीबोर्डवर होतं.

"हात काढ!"

त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की झेरॉक्स काढायला आलेल्या दोन बायका दचकून मागं सरकल्या. मेकॅनिकनं हात वर केले. माधुरीबाईंनी सरळ जाऊन भिंतीतलं बटण बंद केलं आणि मशीनपुढच्या खुर्चीत स्वतः बसून राहिल्या. दुकान बंद होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

५

रविवारी सकाळी मालोजी गुरुजी नेहमीप्रमाणे चवदार तळ्याभोवती फिरत होते. माधुरीबाईंनी दुसऱ्या फेरीला त्यांना गाठलं.

"गुरुजी, बसू या का जरा?"

दोघं पायरीवर बसले. पाण्यावर कोवळं ऊन होतं. गुरुजींनी मफलर घट्ट केला.

"त्या खिडकीनं फाइल पुसली नाही," माधुरीबाई म्हणाल्या. "ती सगळीकडे अडतीसच व्हायरस दाखवते, नसलेले कप्पेही तपासते. म्हणजे पुसली माणसानं. आधी मला वाटलं, ज्याला झरा हवा तो. पण त्याला एक फाइल पुरली असती. इथं लग्नपत्रिकासुद्धा गेल्या. आणि कोण काय बघून गेलं ती यादीही गेली. झऱ्याच्या शत्रूला ती यादी कशाला पुसायची?"

गुरुजी पाण्याकडे बघत होते.

"प्रवीण उठला तेव्हा यादीत त्याची गाण्यांची साइट असणार. ती पण नाही. आणि तुम्ही बसलात तेव्हा फाइल होती, असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे पुसलं त्याच्यानंतर. निशिगंधा बसली आणि लगेच किंचाळली. राहिलं कोण? तरी मला खात्री नव्हती, गुरुजी. पण काल तुम्ही म्हणालात, घरच्यांना दाखवीन म्हणून यंत्र धमकावतं. ते वाक्य दुसऱ्या खिडकीत आहे. 'हो' दाबल्याशिवाय ती उघडत नाही. आणि तुम्ही तर म्हणालात, मला लाल काही दिसलंच नाही."

समोरून एक शाळेची सहल हात जोडून पुढं गेली.

"जुलैपासून गळ्यात गाठ आहे," गुरुजी म्हणाले. शब्द खरवडून निघत होते. "मुंबईच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सर. ऑपरेशन केलं तर आवाज जाईल म्हणाले. मी चाळीस वर्षं बोलण्याचंच काम केलं, माधुरीबाई. सुनावणी होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. वाडीची माणसं माझ्या तोंडाकडे बघून आहेत. घरीही सांगितलं नाही. दुकानात जाऊन वाचायचो, आवाज वाचवायला दुसरा काही उपाय आहे का ते."

"आणि खिडकी आली."

"कुटुंबीय पाहू शकतात, असं लिहिलं होतं. निशिगंधा अकराला त्याच मशीनवर बसणार होती. तिनं ते पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं. मला जे जे पुसता येत होतं ते सगळं पुसलं. म्हटलं, झऱ्याची फाइल फ्लॉपीवर आहेच." ते थांबले. "ती नाही हे कळलं तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि भलतंच बोललो. पोरीची नोकरी गेली आणि मी पाणी पीत बसलो."

माधुरीबाईंना त्यांचा राग आला होता. तो गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं.

"फाइल कदाचित मिळेल," त्या म्हणाल्या. "पण दुकानात तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

६

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून सगळे आत जमले. प्रवीण फ्लॉपी घेऊन आला होता. त्यानं खुर्चीत बसायच्या आधी गुरुजी उभे राहिले.

"फाइल मी पुसली. निशिगंधाचा काही दोष नाही." मग त्यांनी आजारपणासकट सगळं सांगितलं, काही न लपवता.

गोमाजीनं डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला. जितेश खाली बघायला लागला. निशिगंधानं डोळे पुसले, पण ती पुढं झाली नाही.

"गुरुजी, काल एकदा तरी बोलायचं होतं," ती म्हणाली. "मी सबंध दिवस स्वतःला चोर समजत होते."

गुरुजी बाकड्यावर जाऊन बसले.

प्रवीणनं काम सुरू केलं. पडद्यावर पुसलेल्या फाइलींची यादी आली, पण नावं कुणाचीच धड नव्हती. एकेक उघडून बघावी लागणार होती. पहिली लग्नपत्रिका. दुसरी, रेशनकार्डाचा अर्ज. पाचवी उघडलीच नाही. नववीत नुसते चौकोन होते. निशिगंधा प्रवीणच्या खांद्यामागे उभी राहून नखं खात होती. एकोणिसावी, पुन्हा पत्रिका. बाविसावी फाइल हळूहळू उघडली आणि ती ओरडली, "थांबा!"

वैशाख, दुसरा आठवडा. एक हंडा भरायला एक तास पन्नास मिनिटं.

"हीच हाय," गोमाजी म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं, पण निशिगंधाचा चेहरा येत होता.

चारपैकी तीन वर्षं शाबूत निघाली. चौथ्या वर्षाच्या जागी कचरा होता. जितेशनं लगेच दोन प्रती छापल्या आणि निशिगंधाची खुर्ची तिच्या टेबलाशी परत नेऊन ठेवली. ती बसली ती मात्र मंगळवारी, तेही त्यानं घरी येऊन माफी मागितल्यावर.

सोमवारी पोलादपूरला सुनावणीत गुरुजी उभे राहिले. चार वाक्यं झाली आणि आवाज बसला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा निघाली. हॉटेलवाले मोरे वकिलाच्या कानाशी लागले. तेव्हा मागून गोमाजी पुढं आला.

"मी बोलतो साहेब. मोजलंय मीच," तो म्हणाला. "चैत्रात माझी बाय झऱ्यावर हंडा ठेवते, गुरं सोडून येते, भाकऱ्या थापते, तरी तो भरलेला नसतो. तुम्ही पावसाळ्यात बघायला आलाव. पावसाळ्यात तर रस्त्यात पण पाणी हाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी निशिगंधाला आकडे वाचायला सांगितले आणि ती वाचत असताना स्वतः लिहून घेतले. मार्च ते मे सरकारी माणूस पाठवून झरा मोजायचा, तोवर पाइप टाकायचा नाही, असा आदेश झाला. जिंकलो म्हणण्यासारखं ते नव्हतं, पण उन्हाळ्यापर्यंत झरा वाडीचाच राहणार होता. प्रवीणचे काका बाहेर पडताना निशिगंधाला म्हणाले, "पुतण्याला सांग, आता घरची पायरी चढू नको." प्रवीणला निरोप पोचला तेव्हा तो म्हणाला, "वर्षभर चढलोच कुठं?"

परतीच्या एसटीत गुरुजी माधुरीबाईंच्या शेजारी बसले होते. महाड जवळ आलं तसे ते पुन्हा पुन्हा पिशवीचा बंद सोडू-बांधू लागले.

"माझ्या घरी येता?" त्यांनी कसंबसं विचारलं. "सांगताना आवाज राहील की नाही, कळत नाही."

गुरुजींच्या पत्नी बयाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. गुरुजी समोर बसले आणि सांगू लागले. अर्ध्यावर आवाज गेला तेव्हा उरलेलं माधुरीबाईंनी सांगितलं. बयाबाईंचा हात सुपात तसाच थांबला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्या नजरेत इतका राग होता की माधुरीबाईंना उठून जावंसं वाटलं.

"जुलैपास्नं," बयाबाई म्हणाल्या. "आन मी रोज आल्याचा काढा करून देते, घसा बसलाय म्हणून."

गुरुजींनी मान खाली घातली.

बयाबाईंनी सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि माधुरीबाईंकडे वळल्या.

"वीरच्या स्टेशनात मुंबईची गाडी किती वाजता येते गो?"